पत्रा बदलला की गाडी? नव्या रूपातली फॅमिली एसयूव्ही पुण्यात कशी तपासावी

स्विफ्ट नाहीतर आय-टेन दहा-बारा वर्षं वापरून झाली, मुलं मोठी झाली, आई-बाबा गावाहून राहायला आले आणि आता सगळे एकत्र बसतील अशी गाडी हवी. पुण्यात एसयूव्हीचा विषय बहुतेक घरांत असाच निघतो. मग ऑफिसातला मित्र म्हणतो, "नवीन मॉडेल आलंय, तेच घे." मेव्हणे म्हणतात, "जुनं होतं ते दणकट होतं, आता नुसता प्लास्टिकचा कारभार." त्या नव्या गाडीत मागच्या सीटवर अर्धा तास मात्र दोघांपैकी कुणीच बसलेलं नसतं.

पहिल्यांदाच मोठी गाडी घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. चालवणाऱ्यासाठी नवी आवृत्ती जुनीपेक्षा जवळपास नेहमीच चांगली असते. मागे बसणाऱ्यांसाठी ती सुधारलीच असेल असं धरून चालू नका. शोरूममध्ये तुम्हाला पुढून मागे फिरवतात. आधी ग्रिल, मग स्क्रीन, मग सनरूफ, आणि तिसरी रांग दाखवायच्या वेळेला चहा येतो. तुम्ही उलट क्रमाने जा. पार्किंग, शेवटची रांग, मधली रांग, मग स्टिअरिंग, आणि स्क्रीन अगदी शेवटी.

१. नेमकं बदललंय काय, ते आधी काढा

कंपन्या दोन तऱ्हेचे बदल करतात. एकात गाडीचा पाया, म्हणजे प्लॅटफॉर्म, नवा येतो. त्याला नवी पिढी म्हणतात. दुसऱ्यात पाया तोच ठेवून बंपर, दिवे, डॅशबोर्ड आणि फीचर बदलतात. ते फेसलिफ्ट. जाहिरातीत दोन्हींचा थाट सारखाच असतो.

फरक ओळखायला व्हीलबेस बघा, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. ते जसंच्या तसं असेल तर आत पाय ठेवायला नवी जागा सहसा निघत नाही. ह्युंदाई क्रेटाचं उदाहरण घ्या. २०२० ची क्रेटा ४३०० मिमी लांब होती, २०२४ ची ४३३० मिमी झाली. व्हीलबेस दोन्हींचा २६१० मिमी. ती वाढलेली लांबी बंपरमध्ये गेली, तुमच्या गुडघ्यांना त्यातलं काही मिळालं नाही. टाटा सफारीचंही तेच. २०२१ आणि २०२३ च्या सफारीत व्हीलबेस २७४१ मिमीच आहे.

नावावर तर मुळीच जाऊ नका. सफारी हे नाव १९९८ पासूनचं, पण २०२१ मध्ये त्या नावाने आलेली गाडी मुळापासून वेगळी होती. जुनी सफारी लॅडर फ्रेमवर, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर, उभी होती, मागची चाकं ओढायची आणि फोर बाय फोरही मिळायची. २०२१ ची मोनोकॉक, म्हणजे सांगाडा आणि बॉडी एकसंध असलेल्या बांधणीची आणि पुढच्या चाकांवर चालणारी. महिंद्राच्या बाबतीत उलटं घडलं. २०११ ची एक्सयूव्ही ५०० आणि २०२१ ची एक्सयूव्ही ७०० या खरोखर दोन पिढ्या, व्हीलबेस २७०० वरून २७५० मिमी. २०२६ च्या सुरुवातीला आलेल्या एक्सयूव्ही ७एक्सओचं नाव नवीन असलं तरी ती एक्सयूव्ही ७०० चंच पुढचं रूप आहे. व्हीलबेस तोच, इंजिनंही तीच दोन.

तळेगावच्या कारखान्यातून निघणारी नोव्हेंबर २०२५ ची ह्युंदाई व्हेन्यू मधल्या गटात मोडते. पिढी नवी, रुंदी १७७० वरून १८०० मिमी, व्हीलबेस २५०० वरून २५२०. लांबी मात्र ३९९५ मिमीच, कारण चार मीटर ओलांडले की कर वाढतो. म्हणजे वाढ आडवी झाली. मागे तिघं बसत असतील तर ती जाणवेल.

व्हीलबेस तोच म्हणून फेसलिफ्टला कमी लेखायचंही कारण नाही. २०२३ च्या सफारीत स्टिअरिंग हायड्रॉलिकचं इलेक्ट्रिक झालं. आधीच्या सफारीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोनदा पुढे-मागे केलं की दंड भरून यायचे. नवीत तेच काम एका हाताने होतं. ब्रोशरमध्ये या बदलाला जेमतेम एक ओळ मिळते, रोज गाडी काढणाऱ्याला तो रोज भेटतो. म्हणून जुन्या आणि नव्या मॉडेलचे तांत्रिक तक्ते शेजारी शेजारी ठेवा आणि स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन, टायर, इंजिन एवढ्याच ओळी वाचा. बाकीच्या ओळी सेल्समन न विचारता वाचून दाखवतो.

२. टेप घेऊन पार्किंगमध्ये जा

हे शोरूमला जायच्या आधीचं काम. पुण्यातल्या जुन्या इमारतींत पार्किंग खांबांमध्ये असतं, आणि ते खांब टाकणाऱ्याच्या डोक्यात मारुती ८०० होती.

जुनी स्कॉर्पिओ, जी आता स्कॉर्पिओ क्लासिक म्हणून मिळते, १८२० मिमी रुंद आहे. स्कॉर्पिओ-एन १९१७ मिमी. तुमची जागा अडीच मीटरची असेल आणि गाडी बरोबर मधोमध लावली तर क्लासिकला दोन्ही बाजूंना ३४ सेंटीमीटर मिळतात, एन ला २९. पाच सेंटीमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. टेप लावून २९ सेंटीमीटरवर खडूने रेघ मारा आणि तेवढं दार उघडलंय असं समजून बाहेर पडून दाखवा. पोट आत घ्यावं लागेल. शिवाय कंपनी देते ती रुंदी बहुधा आरसे सोडून असते. लांबी पण मोजा. क्लासिक ४४५६ मिमी, एन ४६६२. शेजारच्या जोशी काकूंची ॲक्टिव्हा तुमच्या गाडीमागे लागत असेल तर तिचं काय करायचं, हे आत्ताच ठरवा.

वाकड, बाणेर, खराडी अशा भागांतल्या बऱ्याच सोसायट्यांत मेकॅनिकल पार्किंग असतं. त्या सांगाड्यावर उंचीची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते. सात सीटच्या गाड्या पावणेदोन-दोन टनांच्या घरात जातात, आणि स्कॉर्पिओ-एन ची उंची १८५७ मिमी आहे. कमिटीच्या माणसाला तोंडी विचारू नका, पाटी स्वतः वाचा. वरच्या मजल्याचा हक्क असलेल्यांनी तर आधी वाचा.

बेसमेंटचा उतार तिसरी गोष्ट. उतार संपून जमीन सपाट होते तिथे लांब व्हीलबेसच्या गाडीचं पोट घासू शकतं, विशेषतः सात जण बसलेले असताना. टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी मागवता येते. बहुतेक डीलर पाठवतात. तीच रॅम्पवरून उतरवून, वळवून, तुमच्या जागेत लावून बघा. वॉचमन काका एवढी मदत आनंदाने करतात, आणि त्यांचा शेरा ऐकण्यासारखा असतो.

३. शेवटची रांग: इथेच निकाल लागतो

शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाडीत पुढच्या सीट पुढे ओढून ठेवलेल्या असतात. त्यामुळे मागे जागाच जागा दिसते. म्हणून क्रम पाळा. घरातला सर्वांत उंच माणूस आधी ड्रायव्हर सीटवर बसवा आणि चालवताना ठेवतो तशी सीट लावायला सांगा. मग त्याच्या मागे मधल्या रांगेत दुसरा मोठा माणूस. मधली सीट पुढे-मागे सरकते का ते विचारा. स्कॉर्पिओ-एन मध्ये ती सरकत नाही, त्यामुळे शेवटच्या रांगेला जे मिळालं ते मिळालं. आता तिसऱ्या रांगेत तुम्ही स्वतः जा. मुलांना पाठवू नका. मुलं कुठेही बसतात आणि "मस्त आहे बाबा" म्हणतात.

बसल्यावर मांड्या सीटला टेकतात का बघा. लॅडर फ्रेमच्या गाडीत मागची जमीन उंच असते, त्यामुळे गुडघे वर येतात आणि सगळं वजन कमरेवर पडतं. पाच मिनिटांत कळत नाही. साताऱ्याला पोचेपर्यंत कळतं. पाऊल पुढच्या सीटखाली सरकतं का, डोकं छताला लागतं का, काच किती मोठी आहे, एसीचा झोत चेहऱ्यावर येतो की कानामागे, आणि ब्लोअर वाढवल्यावर किती आवाज करतो, हे सगळं तिथे बसूनच समजतं. दारं बंद करून निदान दहा मिनिटं बसा. सेल्समन अस्वस्थ होईल. "सर, थर्ड रो म्हणजे ऑकेजनल यूजसाठी असते," असं म्हणेल. तो बरोबर बोलतोय, पण मग गाडी सात जणांची म्हणून विकू नये.

पुढची परीक्षा बाहेर पडायची. मधली सीट उचलायचा खटका कुठे आहे, तो किती जोराने ओढावा लागतो, आणि मागे अडकलेला माणूस बाहेरच्याच्या मदतीशिवाय ती सीट पाडू शकतो का? मधल्या रांगेत चाइल्ड सीट बांधलेली असेल तर त्या बाजूची सीट उचलताच येत नाही. लहान बाळ असलेल्या घरांनी हे बांधूनच बघावं. मध्ये कॅप्टन सीट असलेल्या सहा सीटच्या गाडीत मधल्या फटीतून मागे जाता येतं. घरात सातवा माणूस क्वचितच असेल तर मी डोळे झाकून सहा सीटची घेईन.

मग सामान. तिसरी रांग उभी असताना डिकी उघडा. स्कॉर्पिओ-एन मध्ये तिथे नाव घ्यायला जागा नाही, आणि सहा-सात सीटच्या बहुतेक गाड्यांची हीच रड आहे. घरची केबिन ट्रॉली आणि एक शाळेचं दप्तर सोबत न्या आणि ठेवून बघा, लिटरचे आकडे विसरा. गणपतीला कोकणात जाताना सहा माणसं, त्यांच्या बॅगा, आजीची औषधांची पिशवी, मखराचं सामान आणि येताना नारळाच्या गोण्या, हा हिशेब ज्याने जुन्या उंच गाडीत केलाय त्याला नवी गाडी इथे हमखास नाराज करते.

आता जुन्या स्कॉर्पिओचं कौतुक करणाऱ्यांना एक सांगायला हवं. तिच्या काही प्रकारांत मागे समोरासमोरच्या आडव्या सीट असतात. तिथे माणसं जास्त मावतात, गप्पाही रंगतात, पण धडक झाली तर आडवं बसलेल्याला पट्टा आणि सीट काहीच नीट धरत नाहीत. मुलांना तिथे बसवू नका. या मुद्द्यावर नवीच बरी, मग जागा कमी का असेना.

४. आजींना चढता येतं का

आई किंवा सासूबाईंना शोरूमला न्या, आणि त्या रोज जे नेसतात ते नेसूनच. पंजाबी ड्रेसमध्ये सहज चढणाऱ्या बाईंना साडीत स्कॉर्पिओ-एन ची पायरी उंच पडते. पाय कुठे ठेवतात, हात कशाला धरतात, आणि बसल्यावर मान खाली घालावी लागते का, हे पाहा. दाराच्या मधल्या खांबावर आतून हॅण्डल असेल तर फार सोय होते. नसेल तर त्या सीटची पाठ धरतात आणि सीट हलली की घाबरतात. उतरताना बघायला विसरू नका. गुडघेदुखीवाल्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. साइड स्टेप लावून देतो असं डीलर सांगतो. लावून घ्या, पण आधी ती पायरी पार्किंगमधल्या खांबाला लागणार नाही ना, ते बघा.

एक्सयूव्ही ७०० किंवा सफारीसारख्या मोनोकॉक गाड्यांत बसायची उंची तुलनेने सुसह्य वाटते. इथे जुनी-नवी असा भेद करण्यापेक्षा बांधणी कोणती हे जास्त महत्त्वाचं. पाच सीटवर भागत असेल तर व्हेन्यू-क्रेटाच्या उंचीच्या गाडीत वयस्कर माणसं खुर्चीत बसल्यासारखी बसतात. मग मोठ्या गाडीचा हट्ट का करायचा, हेही घरात एकदा बोलून घ्या.

५. टेस्ट ड्राइव्ह तुमच्या रस्त्यावर, भरलेल्या गाडीची

डीलरचा ठरलेला मार्ग सरळ, गुळगुळीत आणि दहा मिनिटांचा असतो. तो नाकारा. शनिवारी सकाळी लवकरची वेळ घ्या आणि निदान पाच जण बसवा. रिकामी एसयूव्ही स्पीडब्रेकरवर उडते, भरलेली बसते. खरी गाडी भरल्यावरच कळते.

मार्गात तीन गोष्टी हव्यात. एक, दाट वस्तीतला तुकडा, उदाहरणार्थ टिळक रस्त्यावरून आत वळून सदाशिव पेठेतली एखादी गल्ली. इथे रुंदी, वळायची त्रिज्या आणि बॉनेटच्या पुढे काय दिसतं हे कळतं. दुसरं, खराब रस्ता. त्यासाठी पुण्यात लांब जावं लागत नाही. तिसरं, वळणं आणि चढ. जुना कात्रज घाट उत्तम. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयावरून पुढे जुन्या बोगद्यापर्यंत जा आणि परत या. त्यात एक खेप तुम्ही स्वतः तिसऱ्या रांगेत बसून करा, चालवायला घरच्या दुसऱ्या माणसाला द्या. पोटात ढवळतं का, ते तिथेच ठरेल. ज्यांच्या मुलांना गाडी लागते त्यांच्यासाठी ही खेप म्हणजे अर्धा निर्णय.

जुनी स्कॉर्पिओ घाटात कशी झुलायची हे ज्यांना माहीत आहे त्यांना एन मध्ये बसल्यावर फरक लगेच जाणवतो. फ्रेम लॅडरचीच असली तरी मागच्या सस्पेन्शनला वॉट्स लिंकेज, म्हणजे मागचा आस डावी-उजवीकडे हलू न देणारी जोडणी, आलंय आणि उंची जवळजवळ चौदा सेंटीमीटरने कमी झालीय. इथे नवी गाडी निर्विवाद पुढे आहे.

टायरकडे लक्ष द्या. वरच्या व्हेरियंटला मोठी अलॉय आणि पातळ टायर असतात. फोटोत छान दिसतात, पण खड्ड्यात रिम वाकायची भीती वाढते आणि टायर बदलायचा खर्चही. त्याच गाडीचं एक इंच लहान चाकांचं व्हेरियंट मिळत असेल तर दोन्ही चालवून बघा. मला बहुतेक वेळा लहान चाकांचं जास्त आवडतं. स्टेपनी कोणत्या आकाराची आहे तेही डिकी उघडून पाहा. काही गाड्यांत ती मूळ चाकांपेक्षा लहान असते.

६. तारे मोजताना तारीख बघा

सुरक्षेत नव्या पिढीने खरी मजल मारलीय. २०१६ मध्ये गाड्या धडकवून सुरक्षेचे तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने एअरबॅग नसलेली जुनी स्कॉर्पिओ धडकवली तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य तारे मिळाले. डिसेंबर २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एन ला पाच मिळाले. पण त्याच चाचणीत लहान मुलांच्या सुरक्षेसाठी तिला तीनच तारे आहेत. जाहिरातीत पाचच दिसतात. फॅमिली गाडी घेताय तर दोन्ही आकडे विचारा.

ग्लोबल एनकॅपने जुलै २०२२ पासून नियम कडक केले. एक्सयूव्ही ७०० चे पाच तारे नोव्हेंबर २०२१ चे, म्हणजे आधीच्या नियमांचे. याचा अर्थ ती कमजोर आहे असा होत नाही, पण दोन गाड्यांचे तारे शेजारी ठेवताना तारीख बघायला हवी. भारत एनकॅप हा सरकारचा तसाच कार्यक्रम ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाला आणि त्याच्या पहिल्या निकालांत डिसेंबर २०२३ मध्ये हॅरियर व सफारीला पाच तारे मिळाले. हे तारे फेसलिफ्टचे. २०२१ ची जुनी सफारी सेकंड हँड विकणारा "फाइव्ह स्टार गाडी आहे" म्हणाला तर त्याला वर्ष विचारा.

आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्यांनीही पट्टा लावायचाच.

७. स्क्रीन आणि अडास

इथे फार वेळ घालवू नका. स्क्रीन दोन आहेत की तीन, याने गाडी सुधारत नाही. बघायचं ते इतकंच की एसीचं तापमान, पंखा आणि काचेवरचं धुकं घालवायचं बटण हाताला लागतं का. जुलैमधल्या पावसात सिंहगड रस्त्यावर काच धुरकटली, दोन्ही बाजूंनी दुचाक्या घुसतायत आणि तुम्ही स्क्रीनवर मेनू शोधताय, ही सुधारणा नव्हे. बऱ्याच नव्या गाड्यांनी बटणं काढून टाकली आहेत. इथे जुनी गाडी बरी, हे मोकळेपणाने म्हणा.

अडास, म्हणजे कॅमेरा-रडारच्या मदतीने आपोआप ब्रेक लावणं, लेन धरणं वगैरे, एक्स्प्रेसवेवर कामाचं आहे. पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल लोणावळ्यापर्यंतचा थकवा कमी करतो. जंगली महाराज रस्त्यावर मात्र प्रत्येक रिक्षाला धोका समजून अडास दचकतं. लेन असिस्ट एका बटणात बंद होतो का ते विचारा, आणि पुढची काच फुटल्यावर कॅमेरा पुन्हा जुळवायचा खर्च विम्यात बसतो का, तेही.

८. इंजिन: तुमचा रोजचा पल्ला किती?

१ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या डिझेल गाड्या बीएस-६ या धुराच्या कडक नियमांच्या आहेत आणि त्यांच्या धुराड्यात डीपीएफ नावाची जाळी असते. काजळी साठली की ती जाळायला गाडी काही वेळ सलग वेगात पळावी लागते. कोथरूड ते डेक्कन एवढंच रोजचं जाणं-येणं असेल तर ती संधी मिळत नाही, जाळी तुंबते आणि दिवा लागतो. जुन्या बीएस-४ डिझेलवाल्या काकांना हा त्रास माहीतच नसतो, म्हणून ते "डिझेलच घे" म्हणतात. एक्सयूव्ही ७०० आणि स्कॉर्पिओ-एन च्या डिझेलला धूर स्वच्छ करणारा ॲडब्लू नावाचा द्रवही वेगळा भरावा लागतो. तो द्रव स्वस्त आहे, पण संपला तर गाडी सुरू व्हायला नकार देते.

महिन्यातून दोनदा तरी कोल्हापूर, नाशिक किंवा गावाकडे जाणं असेल तर डिझेल घ्या, भरलेली गाडी खंबाटकी चढताना त्याचा जोर कळतो. नुसत्या शहरासाठी पेट्रोल. पेट्रोलची जुनी गाडी घेत असाल तर ती एप्रिल २०२३ नंतर बनलेली आहे का बघा. तिथून पुढच्या गाड्या ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या इंधनासाठी तयार करून दिल्या आहेत, आणि पंपावर आता तेच मिळतं.

९. पैशांचा हिशेब

एक्स-शोरूम किमतीवर जुनी-नवीची तुलना करू नका. महाराष्ट्रात रस्ता कर पेट्रोलला १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२ आणि त्यापुढे १३. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. म्हणजे २२ लाखांच्या डिझेलवर ३ लाख ३० हजार, त्याच किमतीच्या पेट्रोलवर २ लाख ८६ हजार. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. दहा लाखांच्या वरच्या गाडीवर डीलर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच कापलेला आयकर, घेतो, तो आयकर विवरणपत्रात वळता होतो. सीएला पावती द्यायला विसरू नका.

जुन्या किमती ऐकताना आणखी एक पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. मोठ्या एसयूव्हीवर आधी २८ टक्के आणि वर २२ टक्के सेस असे ५० टक्के होते, आता सरसकट ४०. चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवर १८. त्यामुळे भाऊजींनी २०२३ मध्ये किती दिले, यावरून आज काहीही ठरवता येत नाही. सेकंड हँडवाला जर जुन्या करासकटच्या किमतीवरून घट मोजत असेल तर त्याला थांबवा आणि आजच्या किमतीवरून मोजायला लावा. "हॅण्डलिंग चार्जेस" नावाची ओळ कोटेशनमध्ये दिसली तर खोडायला सांगा. विमा बाहेरून काढला तर किती पडतो याचं एक कोटेशन खिशात ठेवून बोला.

१०. जुनं मॉडेल घ्यायचं ठरलं तर

दोन वाटा आहेत. पहिली, नवं मॉडेल यायच्या सुमाराला डीलरकडे उरलेला जुना स्टॉक. सवलत चांगली मिळते, पण निर्मितीचा महिना-वर्ष विचारा. गाडी पुढे विकताना तेच वर्ष धरलं जातं, म्हणून मागच्या वर्षाची गाडी असेल तर सवलत तशी दणदणीत हवी. फेसलिफ्टमध्ये पाया बदललेला नसेल आणि तुम्हाला स्क्रीनचं अप्रूप नसेल, तर माझ्या मते पुण्यातला हा सर्वांत शहाणा सौदा. नव्या पिढीच्या पहिल्या काही महिन्यांतल्या गाड्यांची घाई मात्र करू नका. सॉफ्टवेअरच्या कुरबुरी तेव्हाच जास्त निघतात.

दुसरी वाट सेकंड हँड. एमएच-१२ की एमएच-१४ यावरून भाव कमी-जास्त करणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. गाडीच्या नंबरवर थकलेली ई-चलनं आधी बघून घ्या, एक्स्प्रेसवेच्या कॅमेऱ्यांमुळे ती बरीच निघतात. कर्ज फिटलं असेल तर आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवलाय का पाहा, त्यासाठी फॉर्म ३५ लागतो. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली गाडी असेल तर तिच्यावर एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा नंबरप्लेट, बसवलीय का तेही बघा. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. सनरूफ असेल तर कडेच्या खाचेत वाटीभर पाणी ओता. ते चाकाजवळून खाली न येता छताच्या कापडात मुरलं, तर पन्हाळी तुंबलेली आहे.

११. पैसे भरायच्या आधीची शेवटची पाहणी

नवीकोरी गाडी असली तरी आरटीओची नोंदणी व्हायच्या आधी यार्डात जाऊन बघायचा आग्रह धरा. दिवसा जा, पावसात नको, ओल्या पत्र्यावर रंगाचे डाग लपतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. पाचही टायरचे वाचा. ओडोमीटर, बॅटरीची तारीख, चासी नंबर तुमच्या कागदांशी जुळवा. सातही पट्टे ओढून लावा, तिसरी रांग पाडा-उभी करा, एसी मागच्या रांगेपर्यंत पोचतो का ते परत एकदा पाहा. काही खटकलं तर तिथेच लिहून द्या आणि दुसरी गाडी मागा. एकदा तुमच्या नावावर नंबर पडला की गाडी बदलून मिळत नाही, फक्त दुरुस्त करून मिळते.